व्यवसाय : इतर

बेलाहीचं फॉर्मवर बेलाई झालंय.
मी दुरुस्त केलं नाही.
खोडाखोड चालणार नाही, असं ब्लॉकमधल्या बाबूनं
तीनदा बजावलंय,
आणि शाळेला सुट्टी याच कामासाठी आहे.

पिण्याचं पाणी : हापसा.
हापसे नऊ. त्यातल्या चारांचं पाणी
लोट्यात तासभर ठेवलं तर बुडाशी गंज बसतो,
पांढरं धोतर दोन धुण्यांत विटकरी.
मी लिहिलं, नऊ.

पूल : आहे.
कोसीनं कूस बदलली त्याला सहा वर्षं झाली,
तेव्हापासून पूल मक्याच्या शेतात उभा,
त्याच्या सावलीला झुलन मंडलच्या म्हशी रवंथ करतात.
नदी अर्धा कोस पलीकडे. तिथे होडी लागते.
होडीसाठी रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहा म्हणाले,
पण 'इतर' जेमतेम दीड बोटाचं.

दवाखाना : अंतर, किलोमीटरमध्ये.
आम्ही असं मोजत नाही हो.
दवाखाना म्हणजे एक होडी, एक टेम्पो,
आणि खाट उचलायला चार पुरुष गावात असतील तर.
भादव्यात ते नसतात. ते पानिपतला असतात,
चिंध्यांचं सूत आणि सुताच्या घोंगड्या करत.
लाखन सहनीच्या सुनेच्या वेळी बायकांनीच खाट उचलली,
पोर होडीतच झालं.
यंदा माझ्या वर्गात आहे. पोहणं सोडून काही येत नाही.
मी लिहिलं, अकरा.

घर सदुसष्ट, तळ्याच्या काठावर.
बिलट सहनी गळ्याइतक्या पाण्यात, मखान्याच्या काटेरी पानांखाली.
दम धरून बुडतो, तळाचा चिखल पाटीत ओढतो,
वर येतो तेव्हा पापण्यासुद्धा काळ्या.
तळं त्याचं नाही. पाटीतल्या बिया अर्ध्या त्याच्या.
व्यवसाय, मी ओरडलो.
मच्छीमार लिहा, मास्तर. की शेतकरी? काय ते तुम्हीच बघा.
आणि बायको?
ती काही नाही. घरीच असते.
आणि बुडाला.
मी शाईनं लिहिलं, घरी.

मागच्या पडवीत तेतरी सहा चुलींपुढे बसली होती.
शेवटच्या कढईतून सात बिया उचलायच्या, उघड्या हातानं,
फळीवर टाकायच्या, थापी हाणायची,
काळं कवच फुटून पांढरं फूल उडायचं.
सात. फट्.
सात. फट्.
सावकाश केलं तर बी आतल्या आत मुकी राहते, म्हणाली,
तिला ठुर्री म्हणतात, तिचा भाव येत नाही.
बोलताना हात थांबला नाही.
थापी तिसरी आहे म्हणाली, आधीच्या दोन झिजल्या.

सही करा इथे. नाहीतर अंगठा.
हसली.
रेशनचं मशीन मला ओळखत नाही, मास्तर,
डीलर म्हणतो, डोळा लाव.
पदराला हात पुसून तिनं अंगठा टेकवला.
निळा, गोल, सपाट.
एकही रेघ नाही त्यात,
जशी कोणी बाटलीच्या बुचानं शाई उमटवावी.

मी बराच वेळ त्या ठशाकडे बघत राहिलो,
मग रकान्याबाहेर, समासात, बारीक लिहिलं :
कढया सहा, थापी एक, पहाटे तीनपासून.
स्टेपलची पिन नेमकी तिथेच बसते,
मला माहीत आहे.

निघताना तिनं वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर लाह्या दिल्या.
दिल्लीत म्हणे पुदिन्याच्या चवीच्या मिळतात,
पाकिटावर कमळाचं चित्र असतं.
हे कमळ नव्हे, मी म्हणालो.
नव्हेच, ती म्हणाली. सात. फट्.

बांधावरून चालत खात होतो.
अडुसष्टावं घर बंद, कुलूप गंजलेलं, पानिपत.
मुठीतल्या शेवटच्या लाह्यांत
एक ठुर्री निघाली.
दाताखाली आली, फुटेना.
थुंकलो नाही. गालात धरून
एकोणसत्तरची कडी वाजवली.